पाहिलेले आणि पडताळलेले

मार्च २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात वेरूळच्या लेण्यांवर एक शोधनिबंध आला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई हे त्याचे लेखक. लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे त्यांचे पहिले म्हणणे. शेकडो वर्षे वाळलेला तंतू तागाचा, अंबाडीचा की भांगेचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण. म्हणून त्यांनी गिलाव्यातले तंतू भांगेच्या ताज्या नमुन्यांशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि अवरक्त वर्णपटावर ताडून पाहिले. दुसरे म्हणणे असे की या भांगेमुळे वेरूळच्या गिलाव्याला कीड लागली नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती आणि तिथल्या सुमारे २५ टक्के चित्रांची किड्यांनी नासाडी केली. दोन्ही म्हणणी एकाच निबंधात, एकाच भाषेत, शेजारीशेजारी आहेत, पण त्यांची जात एक नाही. पहिल्यामागे ठरवून घेतलेला तुलनेचा नमुना आहे. तो जुळला नसता तर म्हणणे तिथेच पडले असते. दुसऱ्यामागे दोन ठिकाणांचे निरीक्षण आहे. अजिंठा वाघूर नदीच्या नालाकृती दरीत आहे आणि वेरूळ पश्चिमेकडे तोंड केलेल्या डोंगरउतारावर. काळ निराळा, ओल निराळी, गिलाव्यात घातलेला भुस्सा निराळा, रंगवलेल्या भिंतींचा विस्तार निराळा. भांग सोडून बाकी सगळे सारखे असते तर किडीचा फरक भांगेच्या नावावर टाकता आला असता. अनुमान समंजस आहे, खरेही असेल; पण पहिल्या विधानाइतके ते पक्के नाही. वर्तमानपत्रांत मात्र भांगेने वेरूळची लेणी वाचवली, एवढेच उरले. लेणी कातळात कोरलेली आहेत आणि प्रश्न फक्त त्यांच्या गिलाव्याचा होता, हेही त्या मथळ्यांतून निसटले.

गिलाव्याबाबत अशी गल्लत झाली तर फारसे बिघडत नाही. पण हीच गल्लत आता एका निराळ्या क्षेत्रात रोज होते आणि तिचा भार लाखो लोकांवर पडतो. तिकीट, दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, रुग्णालयाची वेळ, सगळे वेबसाइटच्या दारातून मिळू लागले आहे. हे दार कुणाला सहज उघडते आणि कुणाला नाही याचा अभ्यास म्हणजे वापरसुलभतेचे संशोधन. या संशोधनाचे अहवाल वाचले की एकाच परिच्छेदात दोन जातींची वाक्ये मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात. ‘वापरणाऱ्याला परत जाण्याचे बटण सापडले नाही’ हे एक, आणि ‘बटण वर नेल्याने काम सोपे होते’ हे दुसरे. पहिले वाक्य पाहिलेल्या घटनेचे आहे. दुसरे कारण सांगते, परिणाम सांगते आणि पुढच्या सगळ्या माणसांबद्दल भाकीत करते. त्याला निराळा पुरावा लागतो. माझे म्हणणे असे की प्रत्येक वाक्यावर त्याच्या पुराव्याची जात लिहिलेली असली पाहिजे आणि पाहिलेल्याला पडताळणीशिवाय पडताळलेल्याचा दर्जा देण्याची सवय सोडली पाहिजे. यात निरीक्षणाला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. उलट, निरीक्षणाकडून त्याला न पेलणारे काम करून घेतल्याने त्याचीच पत जाते.

निरीक्षण काय पेलते ते आधी पाहू. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. समजा, वेरूळची माहिती देणाऱ्या एखाद्या पानावर हा वार तळाशी, बारीक अक्षरांत लिहिला आहे आणि तीन माणसे पान वाचूनही मंगळवारचा बेत आखतात. या तीन माणसांवरून एक गोष्ट निर्विवाद ठरते: असे घडू शकते. ती ठरवायला चौथा माणूस लागत नाही, तुलनेचे पान लागत नाही, संख्याशास्त्र तर मुळीच लागत नाही. वार ठळक करण्यासाठी कुणी प्रयोगाची वाट पाहू लागला तर तो शहाणपणा ठरणार नाही. अस्तित्वाच्या विधानाला एक साक्षीदार पुरतो, ही निरीक्षणाची खरी ताकद आहे. शिवाय निरीक्षणात न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पानावर लेणी १ ते ३४ अशा क्रमाने दिलेली असतात, पण प्रवेशद्वारातून आत गेलेल्या माणसासमोर येते ते सोळावे, कैलास. बौद्ध लेणी दक्षिणेला, जैन लेणी उत्तरेला बरीच दूर. पडद्यावरचा क्रम आणि पायाखालची वाट यांचा मेळ बसत नाही. हे कुठल्याही प्रयोगाच्या आराखड्यात आधीपासून लिहिलेले नसते; माणूस वाटेवर उभा राहून मोबाइल फिरवताना दिसला की ते ध्यानात येते.

आता त्याच तीन माणसांवरून कुणी लिहिले की ‘बहुतेक पर्यटकांना वार सापडत नाही’, किंवा ‘वार वर लिहिल्यास चुकीचे बेत निम्म्यावर येतील’, तर तिथे पुरावा संपून कल्पना सुरू झाली. हा फरक किती मोठा आहे ते साध्या गणिताने दिसते. ज्या वेबसाइटवर शंभरांतल्या सत्तर जणांचेच काम होते आणि तीस जण अडतात, ती निश्चितच नापास म्हणावी लागेल. पण यदृच्छेने पाच जण बसवून पाहिले, तर पाचही जणांचे काम सुरळीत होण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. म्हणजे असे सहा अभ्यास झाले तर त्यातला एक प्रामाणिकपणे ‘सगळे यशस्वी’ असा अहवाल देईल. उलट बाजूने पाहा. दहातल्या एका माणसाला छळणारी अडचण पाच जणांच्या निरीक्षणात एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. म्हणजे ती न दिसण्याचीच शक्यता अधिक. अपंग, वृद्ध, जुना मोबाइल वापरणारे, देवनागरीखेरीज दुसरी लिपी न वाचणारे यांच्या अडचणी नेमक्या अशा, दहातल्या एकाच्या असतात. पाच जणांच्या अभ्यासात त्या दिसल्या नाहीत म्हणून त्या नाहीत असे समजणे, हा त्या माणसांवरचा अन्याय आहे.

‘पाच वापरणारे पुरेत’ हे वाक्य या क्षेत्रात म्हणीसारखे झाले आहे, म्हणून त्याचे मूळ सांगणे जरूर आहे. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये काही अभ्यासांची आकडेवारी घेऊन एक सूत्र मांडले. एक वापरणारा सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड करतो, असे धरले तर पाच जण मिळून सुमारे ८५ टक्के उघड करतात. सूत्र बरोबर आहे. पण ३१ हा आकडा त्या अभ्यासांतल्या प्रणालींचा होता, जगातल्या प्रत्येक वेबसाइटचा नव्हता. २००१ मध्ये जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी चार वेबसाइटवर ४९ जणांचा अभ्यास केला, तेव्हा पहिल्या पाच जणांनी ३५ टक्केच अडचणी उघड केल्या. २००३ मध्ये लॉरा फॉक्नर यांनी ६० जणांच्या नोंदींतून पाच-पाचचे गट पुन्हा पुन्हा यदृच्छेने काढून पाहिले. काही गटांना ९९ टक्के अडचणी सापडल्या, काहींना जेमतेम ५५. सरासरी चांगली होती. पण प्रत्यक्षात ज्याच्या हाती एकच गट असतो, त्याला आपला गट कोणता हे कळायला मार्ग नसतो. आणि मूळ सूत्र अडचणी शोधण्याबद्दल होते हे महत्त्वाचे. किती टक्के लोक अडतात, दोनपैकी कोणती रचना चांगली, हे पाच जणांवरून ठरते असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. शोधण्याचे साधन मोजण्याचे साधन म्हणून वापरले गेले, ही चूक पुढच्यांची.

कुणी म्हणेल, संख्या कमी असली तरी पाहणारा अनुभवी असेल तर त्याच्या निरीक्षणाला वजन असतेच. असते, पण किती, हे डेन्मार्कच्या रोल्फ मोलिक यांनी अजमावून पाहिले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी हॉटमेलची वेबसाइट नऊ व्यावसायिक गटांना स्वतंत्रपणे तपासायला दिली. सगळ्या गटांनी मिळून ३१० निरनिराळ्या अडचणी नोंदवल्या, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश अडचणी एकेकाच गटाला दिसल्या होत्या. वेबसाइट तीच, गट सगळे जाणकार, आणि तरी अहवालांत साम्य थोडे. यावरून जाणकार खोटे ठरत नाहीत. प्रत्येकाने काहीतरी खरेच पाहिले असेल. पण कोणाला काय दिसले हे, कोणते काम दिले, कुणाला बसवले, पाहणाऱ्याचे लक्ष कुठे होते, यावर फार अवलंबून होते. एका गटाचा अहवाल म्हणजे वेबसाइटचे वर्णन असे मानणाऱ्याने तो अहवाल त्या गटाचेही वर्णन आहे हे विसरू नये.

मग पडताळणीसाठी लागणारी नियंत्रित चाचणी म्हणजे काय? तिचे एक उदाहरण पर्यटनाचेच आहे. १९९७ मध्ये जॉन मॉर्क्स आणि नील्सन यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाविषयी एक वेबसाइट पाच रूपांत तयार केली. माहिती सगळ्या रूपांत तीच. एका रूपात जाहिरातीची, विशेषणांनी भरलेली भाषा. दुसऱ्यात मजकूर निम्मा. तिसऱ्यात ठळक शब्द आणि सुटसुटीत याद्या. चौथ्यात विशेषणे काढून टाकलेली साधी भाषा. पाचव्यात हे तिन्ही बदल एकत्र. ५१ जण या रूपांत वाटून दिले आणि ठरलेली कामे, चुका, आठवण, वेळ यांवरून वापरसुलभता मोजली. जाहिरातीच्या भाषेतल्या रूपापेक्षा थोडक्यात लिहिलेले रूप ५८ टक्क्यांनी, सुटसुटीत मांडणीचे ४७ टक्क्यांनी, साध्या भाषेचे २७ टक्क्यांनी आणि एकत्रित रूप १२४ टक्क्यांनी सरस ठरले. या निकालाची किंमत त्याच्या आकड्यांत नाही, आराखड्यात आहे. एकत्रित रूप सोडले तर एका वेळी एकच गोष्ट बदलली, बाकी सगळे स्थिर ठेवले, आणि कुणाला कोणते रूप मिळावे हे त्या माणसाच्या आवडीवर सोडले नाही. म्हणून ‘थोडक्यात लिहिल्याने’ या शब्दांतले ‘ने’ तिथे शोभते. तरीही तो निकाल जसाच्या तसा वेरूळला लागू होतो असे मी म्हणणार नाही. तो इंग्रजी वाचणाऱ्या अमेरिकी माणसांचा आहे, मोठ्या पडद्याचा आहे आणि मोबाइल हातात येण्याच्या आधीचा आहे. कैलास लेण्याबद्दल मराठीत वाचणारा माणूस ‘अद्भुत’, ‘अलौकिक’ हे शब्द गाळून पुढे जातो की त्यांतच रमतो, हे मराठी वाचकावरच पाहावे लागेल. नियंत्रण कारण पक्के करते. ते कारण दुसऱ्या गावात चालेल याची हमी देत नाही. नियंत्रित निकालाचे भक्त ही मर्यादा सोयीने विसरतात, आणि मग तेही एका गावचा निकाल साऱ्या जगाला लागू करून टाकतात.

वेरूळसाठी अशी चाचणी कशी होईल? वर म्हटलेली क्रमाची गोष्टच घ्या. पानाची दोन रूपे करायची: एकात लेणी क्रमांकाने, दुसऱ्यात प्रवेशद्वारापासूनच्या वाटेने. काम एकच द्यायचे: तुमच्याकडे दोन तास आहेत, सोबत गुडघे दुखणारी आजी आहे, काय पाहायचे ते ठरवा. कुणाला कोणते रूप, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. एकाच माणसाला दोन्ही रूपे दाखवण्याचा मोह टाळायचा, कारण पहिल्या रूपावरून कळलेली वाट दुसऱ्या रूपाच्या खात्यात जमा होते. किंवा तसे करायचेच असेल तर निम्म्या लोकांना उलट क्रमाने दाखवायचे. ‘चांगला बेत’ कशाला म्हणायचे हे आधी लिहून ठेवायचे, निकाल पाहून नव्हे. ही चाचणी लेण्यांसमोरच्या सावलीत होऊ शकते. वेगळे प्रयोगगृह लागत नाही.

नियंत्रणावर नेहमीचा आक्षेप प्रयोगगृहाचाच असतो. प्रयोगगृहातल्या शांत खोलीत, चांगल्या यंत्रावर, चहा पाजून बसवलेल्या माणसाच्या वागण्यावरून उन्हात उभ्या, नेटवर्क शोधणाऱ्या, मुलाचा हात धरलेल्या माणसाबद्दल काय कळणार? आक्षेप खरा आहे, पण तो खोलीवर आहे, नियंत्रणावर नाही. नियंत्रण म्हणजे भिंती नव्हेत. ज्या गोष्टीची तुलना करायची तेवढीच वेगळी ठेवणे आणि वाटणी चिठ्ठीवर सोडणे म्हणजे नियंत्रण. ऊन दोन्ही गटांना सारखेच लागले तर ते तुलनेत अडथळा आणत नाही. उलट ते असल्यामुळे निकाल अधिक खरा होतो.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे मोठ्या संख्येमुळे होणारा पडताळणीचा भास. ‘आमच्याकडे लाखो भेटींच्या नोंदी आहेत, आम्हाला प्रयोग कशाला?’ असे विचारले जाते. समजा, तिकिटाची वेबसाइट ऑक्टोबरमध्ये नवी झाली आणि डिसेंबरपर्यंत ऑनलाइन तिकिटे दुप्पट झाली. पण ऑक्टोबरनंतर पाऊस सरतो, दिवाळी येते, शाळांच्या सहली निघतात. श्रावणात वेरूळच्याच घृष्णेश्वर मंदिरात येणाऱ्या भाविकांची गर्दी निराळी आणि डिसेंबरातल्या पर्यटकांची निराळी. त्यांचे मोबाइल, त्यांची भाषा, त्यांचे बेत आखण्याचे दिवस वेगळे. सोमवारी अजिंठा बंद असल्याने तिकडचे प्रवासी वेरूळला वळतात आणि मंगळवारी उलट, त्यामुळे आठवड्याचे वारसुद्धा एकमेकांशी तोलता येत नाहीत. त्यात दराची भर. २०१८ च्या दरवाढीत भारतीयांसाठी रोखीचे तिकीट ४० रुपये आणि रोखरहित ३५ रुपये झाले, परदेशी पाहुण्यांसाठी ६०० आणि ५५०. अशा काळात ऑनलाइन तिकिटे वाढली तर ती रचनेमुळे, सवलतीमुळे, हंगामामुळे की खिडकीवरच्या रांगेमुळे? नोंदी दहा लाख असल्या तरी या चार कारणांची भेसळ सुटत नाही. संख्या वाढवल्याने योगायोग कमी होतो, भेसळ तशीच राहते. त्याच दहा लाखांतल्या निम्म्यांना जुने आणि निम्म्यांना नवे रूप एकाच दिवशी, चिठ्ठीने दिले असते, तर हंगाम, सवलत, रांग दोन्हीकडे सारखीच पडली असती. याला ए/बी चाचणी म्हणतात आणि मोठ्या कंपन्या ती रोज करतात. मायक्रोसॉफ्टमध्ये अशा चाचण्यांचे काम पाहिलेल्या रॉन कोहावी यांनी लिहिले आहे की तिथे तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांशच ठरवलेल्या मापात सुधारणा करतात. उरलेल्या निरुपयोगी किंवा घातक निघतात. त्या सगळ्या कल्पना जाणकारांच्याच होत्या आणि प्रत्येकीमागे कुणाचे तरी निरीक्षण होते.

लहान कार्यालयाला हे परवडत नाही, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो आकड्यांनीही खरा आहे. यशाचे प्रमाण ५० वरून ५५ टक्क्यांवर गेले का, हे विश्वासाने सांगायचे तर प्रत्येक रूपाला सुमारे १६०० माणसे लागतात. तालुक्याच्या कचेरीने किंवा लहान संस्थेने एवढी माणसे कुठून आणायची? त्यांनी आणू नयेत. त्यांनी पाच-सहा माणसे बसवावीत, अडचणी पाहाव्यात, उघड दिसणाऱ्या दुरुस्त कराव्यात आणि पुन्हा पाहावे. खर्चाच्या मानाने इतके फळ देणारे दुसरे काम नाही. फक्त अहवालात ‘सुलभता ४० टक्क्यांनी वाढली’ असे लिहू नये. पुरावा स्वस्त असेल तर दावा लहान ठेवावा. त्याला पैसे पडत नाहीत. शिवाय मोठा फरक लहान गटांतही दिसतो. एका रूपात वीसपैकी सतरा जण यशस्वी आणि दुसऱ्यात वीसपैकी पाच, असा निकाल आला तर तो नुसत्या नशिबावर ढकलता येत नाही. म्हणजे चाळीस माणसे आणि एक दिवस, एवढ्यात एखादा महत्त्वाचा निर्णय पडताळून घेता येतो. प्रत्येक निर्णय पडताळण्याची गरज नाही. जो चुकला तर हजारोंना भोगावा लागेल, तेवढा तरी पडताळावा.

निरीक्षणाचा आणखी एक प्रकार आपल्याकडे फार चालतो: विचारून घेणे. पान दाखवायचे आणि विचारायचे, कसे वाटले? आपल्या माणसाच्या तोंडून घरी आलेल्या पाहुण्याला ‘छान आहे’ याखेरीज शब्द निघत नाही. बंगळुरूमध्ये निकोला डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५० जणांवर केलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे मोजमाप देतो. लोकांना दोन वस्तू दाखवल्या, त्यांतली एक मुलाखत घेणाऱ्याने स्वतः बनवली आहे असे सुचवले. दोन्ही वस्तू अगदी सारख्या असूनही लोकांनी मुलाखत घेणाऱ्याची वस्तू सुमारे अडीच पट अधिक पसंत केली; मुलाखत घेणारा दुभाषी लागणारा परदेशी असला तर पाच पट. ही लबाडी नव्हे, सभ्यता आहे. पण सभ्यता जमा करून तिला वापरसुलभतेचा पुरावा म्हणता येत नाही. मुंबईत काम करणाऱ्या अपला लाहिरी चव्हाण यांनी या संकोचावर एक उपाय काढला, तो ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणून ओळखला जातो. वापरणाऱ्याला कोरडे काम न देता चित्रपटासारखी गोष्ट सांगायची: भाचीचे लग्न ठरले आहे, नवरा मुलगा मारेकरी निघाला आहे, त्याचे आधीच लग्न झालेले आहे, तेव्हा ताबडतोब विमानाचे तिकीट काढा. गोष्टीच्या भरात संकोच सुटतो आणि माणूस वेबसाइटवर मनमोकळा चिडतो. पद्धत कल्पक आहे आणि आपल्या मातीतून आलेली आहे. पण तीही निरीक्षण समृद्ध करण्याची युक्ती आहे. त्या नाट्याने अडचणी अधिक बाहेर येतात की काही अडचणी ते नाट्यच निर्माण करते, हे पुन्हा तुलनेनेच ठरेल.

न पडताळलेले निरीक्षण फार दिवस फिरले की त्याचा नियम होतो, आणि नियमाला पुरावा विचारायची रीत नाही. ‘कुठलीही माहिती तीन क्लिकमध्ये मिळाली पाहिजे’ हा नियम असाच अनेक वर्षे सांगितला गेला. २००३ मध्ये जोशुआ पोर्टर यांनी ४४ वापरणाऱ्यांच्या ६२० कामांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा तीन क्लिकनंतर लोक काम सोडतात किंवा नाराज होतात असे काही दिसले नाही. वाट ओळखीची वाटत असेल तर माणूस दहा पावले चालतो. वाट फसवी असेल तर दुसऱ्याच पावलाला थबकतो. मराठीपुरते सांगायचे तर आपल्याकडे एक चांगला दाखला आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी मराठी टंकलेखनावर बरीच वर्षे काम केले, ‘स्वरचक्र’ हा कळफलक बनवला, आणि २०१६ च्या एका निबंधाचे शीर्षकच प्रश्नरूप ठेवले: शब्द सुचवण्याच्या सोयीचा मराठी टंकनात खरोखर उपयोग होतो का? कुणालाही सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवताना पाहिले की वाटते, अक्षरे वाचली, वेळ वाचला. पण सुचवलेले शब्द वाचायला, निवडायलाही वेळ जातो, आणि मराठीत एकेका शब्दाला इतके प्रत्यय लागतात की नेमके रूप यादीत असेलच असे नाही. वाचलेला आणि गेलेला वेळ यांची वजाबाकी पाहणाऱ्याच्या डोळ्याला करता येत नाही. म्हणून त्यांनी माणसे घेतली, कळफलक वाटून दिले, सराव वाढत जाईल तसे मोजत राहिले. जे सगळ्यांना दिसत होते त्यालाच प्रश्न विचारायची ही वृत्ती आपल्या सार्वजनिक वेबसाइटांच्या कामात फार थोडी आढळते.

भारत सरकारच्या वेबसाइटांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. अक्षरांचा रंग, चित्रांना पर्यायी मजकूर, भाषांची सोय असे पुष्कळ उपयुक्त त्यात आहे आणि ते पाळले जावे. पण तत्त्वे पाळल्याचा दाखला म्हणजे माणसांना काम जमल्याचा दाखला नव्हे. यादीतल्या सगळ्या रकान्यांवर बरोबरची खूण असूनही आजीच्या नावाचे तिकीट निघत नसेल, तर ते ती यादी सांगू शकणार नाही.

म्हणून महाराष्ट्रात वेबसाइटची कामे देणाऱ्यांना आणि त्यांचे अहवाल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या अहवालात प्रत्येक निष्कर्षाच्या आधी एक शब्द लिहा: ‘पाहिले’ किंवा ‘पडताळले’. ‘पाहिले’ असेल तर किती माणसे, कोण, कुठल्या मोबाइलवर, कुठल्या भाषेत, शेजारी मदतीला कोणी होते का, एवढे नोंदवा. ‘पडताळले’ असेल तर तुलना कशाशी होती, वाटणी कशी केली, यश कशाला म्हणायचे हे आधी ठरले होते का, ते लिहा. आणि अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनी, ज्या निष्कर्षापुढे यांपैकी एकही शब्द नसेल, त्यावर सही करण्याआधी तो लिहिणाऱ्याकडे परत पाठवावा.